अलमारीतले न उघडलेले गेम

"मॅडम, ह्यांना गेमचं व्यसन लागलंय. तुम्हीच काहीतरी करा आता." सुदामानगरहून आलेल्या त्या बाई खुर्चीत नीट बसायच्या आधीच बोलून गेल्या. मागे नवरा खाली मान घालून उभा होता. वय अडतीस, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. (दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

इंदूरमध्ये माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांत ही तक्रार वरचेवर असते. कधी आई येते, कधी बायको. मी आधी एवढंच विचारते, दिवसातून किती वेळ खेळतात? बाई विचारात पडल्या. "खेळताना तसं मी फारसं बघितलंच नाही हो. पण पार्सल मात्र सारखी येतात. दोन अलमाऱ्या भरल्यात."

हे उत्तर फार महत्त्वाचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमच्या व्यसनाची नोंद आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात बघितलं जातं ते खेळणं: खेळ थांबवता येत नाही, जेवण-झोप-नोकरी खेळापुढे मागे पडते, नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जातो, आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असतं. या गृहस्थांची नोकरी सुरळीत होती, झोपही बरी होती. म्हणून मी त्यांना एक वही करायला सांगितली. एका बाजूला विकत घेतलेला गेम आणि तारीख, दुसऱ्या बाजूला तो किती तास खेळला. तासांचा हिशेब गेमच्या मशीनमध्येच सापडतो, अंदाज करावा लागत नाही.

हिशेबाचा माणूस, वही सुरेख आखून आणली. चौदा महिन्यांत त्रेचाळीस गेम. एकोणतीस सीलबंद. दहा तासांपेक्षा जास्त खेळलेले फक्त पाच. आठवड्याचं खेळणं जेमतेम दोन तास. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मॅडम, मी तर खेळतच नाही."

हे वाक्य ते पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडून ऐकत होते. खेळण्याची सवय आणि घेण्याची सवय घरच्यांना एकच वाटते, कित्येकदा त्या माणसालाही. औषध मात्र वेगळं लागतं. इथे बाईंनी मशीन लपवून ठेवलं असतं, तर आठवड्यातले ते दोन तास गेले असते आणि पार्सल येतच राहिली असती.

मग वहीत तिसरा रकाना वाढवला, खरेदी किती वाजता केली आणि त्याआधी काय झालं होतं. बहुतेक नोंदी रात्री अकरा ते एक या वेळच्या, त्यातही महिनाअखेरीच्या, म्हणजे ऑफिसचं काम घरी आणलेल्या रात्रींच्या. अर्धा तास याद्या चाळायच्या, सवलत बघायची, बटण दाबायचं आणि झोपायचं.

एकदा ते एक सीलबंद डबा घेऊन आले. मी म्हटलं, इथेच उघडा. त्यांनी प्लॅस्टिकच्या कडेला नख लावलं, काढून घेतलं, पुन्हा लावलं. तळव्याला आलेला घाम पँटला पुसला. अखेर डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "उघडला की वेळ काढावा लागेल. आता निदान आहे असं तरी वाटतं."

मग लहानपण निघालं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे गेम आले, 'समुराई' वगैरे. घरी घेणं परवडण्यासारखं नव्हतं. गल्लीतल्या दुकानात पाच रुपयांत अर्धा तास मिळायचा. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारून परत बसवायची, तो वेळही त्यातच धरला जायचा. दुकानदार खांद्यावर हात ठेवायचा, "चलो भैया, टाइम हो गया." हे सांगताना त्यांचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडे गेला. मला वाटतं, पुढे मोठेपणी ते गेमपेक्षा जास्त तो न संपणारा वेळच विकत घेत होते.

पैशांचा भाग सर्वांत अवघड. क्रेडिट कार्डावर १,८०,००० रुपये थकलेले, आणि दरमहा बिलावर छापलेली किमान रक्कमच भरली जात होती. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांनाच हिशेब करायला लावला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ६,३००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,१३४. किमान भरणा ९,००० चा. म्हणजे मुद्दलातून कमी झाले फक्त १,५६६. शिवाय थकबाकी असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुसऱ्यांची खाती तपासणाऱ्या या माणसानं स्वतःचं बिल वर्षभर नीट वाचलं नव्हतं. लाजेपुढे अक्कल चालत नाही, हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांतही फार वेळा बघते.

पुढच्या भेटीत त्यांनी पत्नीला आकडा सांगितला, माझ्यासमोर. बाई रडल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सगळं भंगारात देऊन टाका." मी थांबवलं. रागाच्या भरात संग्रह काढून टाकला की मवाळ माणूसही सूडानं दुप्पट घेतो किंवा चोरून घेतो. काय ठेवायचं आणि काय विकायचं हे त्यांनीच ठरवायला हवं होतं. त्यांनी एकवीस सीलबंद डबे विकले आणि लहानपणी खेळलेल्यांपैकी मिळालेल्या तीन जुन्या कॅसेट ठेवल्या. कार्डाचा नंबर मशीनमधून आणि फोनमधून पुसला, प्रत्येक वेळी सोळा आकडे टाकायचा त्रास मुद्दाम राहू दिला. आवडलेला गेम आधी वहीत लिहायचा, तीस दिवसांनी परत बघायचा. पुढे थकबाकीसाठी बँकेकडून कमी व्याजाचं कर्ज घेतलं, ते कार्डच बंद केलं. खेळणं मात्र मी वाढवायला सांगितलं: शनिवारी संध्याकाळी दीड तास, मुलीबरोबर.

दिवाळीच्या सेलमध्ये दोन गेम घेतले गेले, बायकोच्या कार्डावर. त्याच रात्री उठवून सांगितलं. बाई मला फोनवर म्हणाल्या, "राग आला हो, पण सांगितलं ना त्यांनी." मी त्याला घसरण म्हणत नाही.

तुमच्या घरी खरंच खेळण्यापायी शाळा, झोप, नोकरी सुटत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. पण आधी ती वही करा, दोन रकान्यांची.

माझ्याकडे आणलेला तो डबा शेवटी मुलीनं फोडला. डिस्क घातली तर दोन तासांचं डाउनलोड निघालं. तेवढ्यात दोघं छप्पन दुकानला, इथल्या खाऊगल्लीत, जाऊन पोहे खाऊन आली. हप्ते अजून चौदा महिने चालतील. ते महिन्यातून एकदा येतात, वही घेऊन.