दुकानदाराने ‘ड्वार्फ’ (बुटक्या जातीचा) म्हणून दिलेला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा नक्की कुठल्या ब्रीडचा?

लाल डोळे, उभे लांब कान म्हणजे बहुतेक न्यूझीलंड व्हाइट ही मोठी पांढरी जात नाहीतर तिचा मिक्स, ड्वार्फ काही वाटत नाही बाबा. खरा नेदरलँड ड्वार्फ मोठा होऊन जेमतेम किलोभर भरतो आणि कान दोन इंचांच्या आसपास, तुमचा ससा मात्र 4-5 किलोपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा पिंजरा आत्ताच मोठा घ्या. पिल्लू असताना सगळेच ड्वार्फ दिसतात, दुकानदारांचं त्यावरच फावतं! पुढच्या वेळी ब्रीडरकडे आईबाप दाखवा म्हणायचं, ससे ठेवतात ती जागा बघायची, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू देत असेल तर सरळ परत फिरायचं, कारण आईपासून लवकर तोडलेली पिल्लं जुलाबाने दगावू शकतात.