उत्तर: वुल्का कोसोव्स्कातला अर्धा गाळा आणि अर्जावरचा पत्ता

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. पोलंडमध्ये वॉर्सॉजवळच्या वुल्का कोसोव्स्काच्या घाऊक बाजारात चिनी व्यापाऱ्याच्या गाळ्यात अर्धी जागा, सोलापुरी टॉवेल, आणि ‘रेसिडेन्स कार्डाच्या (तिथे राहायच्या परवान्याच्या) अर्जावर पत्ता त्याच्याच घराचा टाकतोय, तोच टाक म्हणाला.’ मी 2013 मध्ये हेच केलं होतं. कंटेनर, कस्टम्स, व्हॅट तुम्हाला कळतं, ते सोडतो. फक्त पत्त्याचं सांगतो.

तिकडे सरकारी पत्र रजिस्टर्ड येतं. घरी कुणी नसेल तर पोस्टमन पत्र आल्याची ‘आविझो’ नावाची चिठोरी पेटीत टाकतो, आठवड्याने आणखी एक. 14 दिवसांत पोस्टात जाऊन पत्र सोडवलं नाही, तर कायदा ते तुम्हाला मिळालं असंच धरतो. ज्याच्या घराचा पत्ता मी दिला होता तो माझा गाळामालक पहाटे चारला बाजाराच्या हॉलवर जायचा, त्या पेटीवर सहा जणांची टपालं यायची. माझी चिठ्ठी पिझ्झा आणि फर्निचरच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात सापडली, तोवर पत्र परत गेलं होतं. त्यात होतं काय, तर ‘एक कागद कमी आहे, सात दिवसांत द्या.’ तो कागद माझ्या बॅगेत होता हो!

ऑफिसचं नाव घेत नाही. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पत्र तुम्हाला मिळालंय. म्हटलं, नाही मिळालं. त्या म्हणाल्या, मिळालंय, आणि शिक्का दाखवला. अर्ज न तपासताच बाजूला ठेवला गेला. मला भारतात परतून नवा व्हिसा काढावा लागला, आठ महिने गेले, आणि गाळ्याची पागडी बुडाली ती बुडालीच.

शेजारच्या गाळ्यात चीनमधल्या वेन्चौकडची एक काकू होती, बुटांचा ठोक धंदा. तिला पोलिश म्हणजे आकडे आणि ‘चांगला माल’ एवढंच. पण गल्ल्यामागे खिळा ठोकून त्यावर सगळी आविझो टोचलेली, आणि दर सोमवारी पोलिश शाळेत जाणारा दहा वर्षांचा मुलगा बरोबर घेऊन पोस्टात. पत्र तोच वाचून सांगायचा. आपल्याकडचे ‘चिनी लोक कायदा धाब्यावर बसवतात’ म्हणतात त्यांनी तो खिळा बघायला हवा होता. ही माणसं कागदाला आपल्यापेक्षा जास्त घाबरतात, कारण नियम एका रात्रीत फिरताना त्यांनी पाहिलेत. हंगेरीत 1988 पासून चिन्यांना व्हिसा लागत नव्हता, हजारो लोक आले, आणि 1992 मध्ये दार बंद.

बाजारांचंही तेच. मॉस्कोचा चेर्किझोव्स्की 2009 मध्ये बंद झाला, बुडापेस्टचा चार वाघांचा बाजार 2014 मध्ये. वॉर्सॉत 2024 च्या मे महिन्यात मारिविल्स्काचा बाजार जळाला, चौदाशेच्या आसपास गाळे, त्यातले बरेच व्हिएतनामी लोकांचे. माझं ऐकाल तर सगळा माल एका छताखाली ठेवू नका. काकू निम्मा माल दुसरीकडे ठेवायची, तेव्हा मला तो कंजूषपणा वाटायचा.

मी वकील नाही. माझी गोष्ट जुनी आहे, नियम बदललेत, बरंच ऑनलाइन गेलंय, तेव्हा आजचं तिथल्या माणसाला विचारा. पण पत्ता जिथे तुम्ही स्वतः रोज पेटी उघडता तिथलाच द्या, आणि घर बदललंत तर त्याच आठवड्यात ऑफिसला लेखी कळवा. माझ्या वेळी पासपोर्टवर अर्जाचा शिक्का बसला की पोलंडमध्ये राहता यायचं, पण त्यावर बुडापेस्टला माल बघायला जाता येत नसे. तेही विचारून घ्या.

आणि अर्ध्या गाळ्याचं म्हणाल तर मूळ करार कुणाच्या नावावर आहे, पोटभाडेकरू ठेवायला हॉलवाल्यांची लेखी परवानगी आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. ‘कच्ची पावती चालेल’ म्हणाला तर नाही चालणार म्हणून सांगा. चहा मात्र प्या त्याच्याकडे, उत्तम असतो.