कारखान्यातल्या फुटक्या टाइल्स आणि बेसिन दळून सिमेंटमध्ये मिसळले, तर ते सिमेंट खरंच पर्यावरणपूरक होतं का?

होऊ शकतं, पण नुसतं मिसळून नाही. मी बांधकाम साहित्याच्या टेस्टिंगमध्ये काम करते. अशी पावडर घेऊन येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, 'किती टक्के चालेल?' खरं तर आधी हे बघायला हवं, की ती पावडर सिमेंटमध्ये काही काम करते की फक्त जागा अडवते.

सिमेंटचं कार्बन उत्सर्जन येतं ते मुख्यतः क्लिंकरमधून, म्हणजे भट्टीत भाजलेल्या ज्या गोळ्यांना दळून सिमेंट बनतं त्यांतून. त्यासाठी चुनखडी भट्टीत घालून मिश्रण सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यात शुद्ध चुनखडीच्या वजनाचा 44 टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. हा वायू इंधनाचा नाही, दगडातलाच आहे. भट्टीचं इंधन बदललं तरी तो निघणारच. सिमेंट बनवताना होणाऱ्या उत्सर्जनात त्याचा वाटा साधारण 60 टक्के आहे. म्हणून पोत्यातलं क्लिंकर कमी करणं हा सगळ्यात सरळ मार्ग ठरतो.

सिरॅमिकचा उपयोग इथे होतो. सिमेंटला पाणी लागलं की ताकद देणाऱ्या जेलसोबत चुनाही सुटतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ताकदीच्या दृष्टीने तो जवळजवळ बिनकामाचा. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना या चुन्याशी संयोग पावली की आणखी जेल तयार होतं. हीच पोझोलानिक क्रिया. चुन्यात विटांची सुरखी मिसळायची जुनी पद्धत हिच्याच जोरावर टिकली, आणि रोमन लोकही पाण्याच्या टाक्यांच्या गिलाव्यात कौलांचा चुरा घालत ते यासाठीच. फुटक्या मालाचा मोठा फायदा हा, की तो भाजायची ऊर्जा आधीच खर्च झालेली असते. एक टन क्लिंकरला तीन गिगाज्यूलपेक्षा जास्त उष्णता लागते. टनभर पावडर दळायला 50 युनिट वीज धरली, तरी ती 0.18 गिगाज्यूलच होते.

पण सगळा फुटका माल सारखा नसतो. माती साधारण 600 ते 800 अंशांवर भाजली की तिची स्फटिकरचना मोडते आणि ती चुन्याशी चांगली जुळते. हजाराच्या वर गेली की त्यातून म्युलाइटचे नवे स्फटिक तयार होतात, आणि ते चुन्याला दाद देत नाहीत. तरीही व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइल्स आणि बेसिन उपयोगी पडतात, कारण त्यांच्यातलं फेल्डस्पार हे खनिज वितळून काच झालेलं असतं आणि ही काच सावकाश का होईना, काम करते. म्हणून सिलिकेच्या टक्केवारीवर भुलू नका. वाळूत तर जवळजवळ सगळी सिलिकाच असते, पण ती स्फटिकरूप असल्यामुळे चुन्याशी काहीच करत नाही.

मी आधी एक साधी चाचणी करून बघते. सिमेंट अजिबात न घालता चुना, पावडर, वाळू आणि पाणी यांचे क्यूब भरायचे आणि उबदार, दमट जागी ठेवायचे. पावडर जिवंत असेल तर साच्यातून काढलेल्या क्यूबची कड शाबूत राहते, वाजवला तर टणक आवाज येतो. मेलेली असेल तर अंगठा दाबताच कोपरा भुगा होऊन हातात येतो. दळणही तितकंच महत्त्वाचं. निदान बहुतेक पावडर 45 मायक्रॉनच्या चाळणीतून जायला हवी, नाहीतर चांगला मालही वाळूसारखा वागतो.

ही क्रिया सावकाश चालते. 15-20 टक्के क्लिंकरच्या जागी पावडर घातली तर 7 दिवसांची ताकद हमखास कमी येते, 28 दिवसांना फरक कमी होतो आणि 90 दिवसांपर्यंत चांगली पावडर बरोबरीला येऊ शकते. अट एकच, क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं, नीट हवं. नेमकी इथेच साइटवर गडबड होते. सुरुवातीची ताकद कमी दिसली की काँक्रीटमध्ये सिमेंटच वाढवतात. पोत्यात 20 टक्के क्लिंकर वाचवलं आणि घनमीटरमागे 25 टक्के सिमेंट जास्त ओतलं, तर क्लिंकर होतं तेवढंच राहिलं. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो, कारण कागदावर मात्र ते काँक्रीट 'ग्रीन' ठरलेलं असतं. हिशेब पोत्यामागे न करता, तेवढीच ताकद मिळवायला किती क्लिंकर लागलं यावर करा.

टाइल पॉलिशिंगच्या गाळाबद्दलही सांगते, कारण त्यावर कमी बोललं जातं. तो मुळातच बारीक असतो, त्यामुळे दळायचा खर्च वाचतो. त्यात घासायच्या दगडांचं सिलिकॉन कार्बाइड उतरलेलं असतं. भट्टीत ते वायू सोडतं आणि टाइल फुगते, म्हणून हा गाळ परत टाइलमध्ये फारसा घालता येत नाही. सिमेंटमध्ये भाजायचा प्रश्नच नसल्यामुळे ही अडचण येत नाही. मात्र ते दगड बऱ्याचदा मॅग्नेशियम ऑक्सिक्लोराइडने बांधलेले असतात, त्यामुळे गाळात क्लोराइड येऊ शकतं आणि क्लोराइडने सळई गंजते. आरसीसीसाठी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी, वापरायचा असेल तर क्लोराइड तपासल्याशिवाय हात लावू नका. ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या चकाकत्या थरात, झिंक किंवा शिसं असेल तर सिमेंट उशिरा सेट होतं, तेही बघून घ्या.

या उपायाचा आवाकाही ओळखून असा. जगात वर्षाला सुमारे 16 अब्ज चौरस मीटर टाइल्स बनतात. चौरस मीटरला 20 किलो धरले तर 32 कोटी टन झाले. त्यातला अगदी दहावा हिस्सा फुटला असं मानलं, तरी 3.2 कोटी टन. जगाचं सिमेंट आहे 400 कोटी टनांच्या आसपास. म्हणजे यातून एक टक्काही भरत नाही. पण स्पेनमधलं कास्तेयोन, इटलीतलं सास्सुओलो, गुजरातमधलं मोरबी, चीनमधलं फोशान अशा ठिकाणी, जिथे टाइलचे कारखाने एकमेकांना खेटून आहेत, तिथे हाच माल एका मोठ्या ग्राइंडिंग युनिटला पुरू शकतो, आणि तिथे तो डंपिंगला जातो हे बघवत नाही. वाहतूक लांबली की मात्र फायदा झपाट्याने घटतो.

तुमच्याकडे माल असेल तर विटा, टाइल्स आणि बेसिन यांचे ढीग आधीपासून वेगळे ठेवा, प्रत्येकाचा नमुना स्वतंत्र द्या आणि एक्सआरडी (एक्स-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) करताना काचेचं प्रमाण मोजून मागा. दळताना धूळ बंदिस्त ठेवा. तिच्यात स्फटिकरूप सिलिका असते आणि तिने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, त्यामुळे कामगारांना साधा कापडी मास्क देऊन भागणार नाही.