दुर्लक्षित पंक अल्बम ऐकायला सुरुवात करताना

पंक संगीताकडे तुम्ही नुकतेच वळला असाल, तर नावाजलेल्या चार-पाच बँडपाशीच थांबू नका. पहिला शोध पोर्टलंडच्या वायपर्सपासून सुरू करा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांच्या १९८१ च्या ‘यूथ ऑफ अमेरिका’मध्ये अवघी सहा गाणी आहेत. पंक म्हणजे दोन मिनिटांचा झपाटा असे मानले जात असताना वायपर्सचे गायक-गिटारवादक ग्रेग सेज यांनी शीर्षकगीत दहा मिनिटांहून अधिक लांबवले, आणि तरीही गिटारचा ताण क्षणभरही सैल पडत नाही. प्रथम ते एकसुरी वाटण्याची शक्यता आहे, म्हणून मध्ये न थांबता सलग दोनदा ऐका; दुसऱ्या खेपेला त्याच लयीवर गिटार कशी रूपे बदलते, हे उमगू लागते. पुढे निर्वाना या बँडनेही वायपर्सची गाणी वाजवली.

त्यानंतर डेट्रॉइटच्या ‘डेथ’कडे या. हॅकनी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यात ध्वनिमुद्रित केलेली सात गाणी अल्बम म्हणून थेट २००९ मध्ये प्रकाशित झाली, आणि ज्यांच्या कल्पनेतून हा बँड उभा राहिला ते डेव्हिड हॅकनी तो दिवस पाहायला हयात नव्हते, याचे मला फार वाईट वाटते.

बोस्टनच्या मिशन ऑफ बर्माचा ‘व्हर्सेस’ (१९८२) शेवटी ऐका, मात्र आवाज बेताचा ठेवून. त्यांचे गिटारवादक रॉजर मिलर यांच्या कानांत सतत गुंजारव होऊ लागल्यामुळेच १९८३ मध्ये तो बँड थांबला होता.