कोल्ह्यांच्या फार्मवरचं प्राणिज प्रोटीन घरच्या कुत्र्याला चालेल का?

तुमचा प्रश्न: फिनलंडमध्ये फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना मासळी, अंडी, अळ्यांचं पीठ देतात असं वाचलं, इंदूरमध्ये आमच्या १० किलोच्या कुत्र्याचं चिकन बंद करायचंय, तर यातलं काय चालेल?

मासळी आणि अंडी चालतील, पण शिजवूनच. कोल्हा आणि कुत्रा एकाच कुळातले, त्यामुळे फार्मवर जे बिघडलं ते तुमच्या स्वयंपाकघरातही बिघडू शकतं. १९३२ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या चॅस्टेक यांच्या फार्मवर कोल्हे खाणं सोडू लागले, मग लुळे पडून मेले. खाद्यात कच्ची कार्प मासळी होती. या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. आपल्याकडे मिळणारे रोहू-कटला त्याच कुळातले. मासा आतपर्यंत नीट शिजवला की थायमिनेज निकामी होतं. अंड्याचंही तसंच: कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडकवून ठेवतं आणि केस गळतात.

धडधाकट, पूर्ण वाढलेल्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५५० ते ६०० कॅलरी आणि २८-३० ग्रॅम प्रोटीन लागतं. रोजचं माप असं ठेवा: १५० ग्रॅम रोहू (काटे काढून), एक उकडलेलं अंडं, ८० ग्रॅम कोरडा तांदूळ शिजवून, मूठभर दुधी किंवा लाल भोपळा, एक चमचा तेल. मीठ, कांदा, लसूण काही नाही. मासा पोटाकडचा घ्या, तिथले काटे मोठे असतात आणि सहज निघतात. शेपटीकडचे बारीक, दुफाटी काटे हाताला लागतच नाहीत. शिजल्यावर कोमट असतानाच चुरून बोटांनी दोनदा चाळा.

लोक चुकतात ते कॅल्शियमला. काटे काढले की ते जवळजवळ संपतं आणि महिनोन्‌महिने असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतात. अंड्याचं कवच उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखं दळा आणि रोज २ ग्रॅम घाला; चमच्यावर भरवसा नको, वजनकाट्यावर तोला. एवढं करूनही झिंक, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमीच पडतं, म्हणून घरच्या जेवणासाठीचं मिनरल-व्हिटॅमिन पूड पशुवैद्यांना विचारून लावा.

पनीरचा विचार मनात आला असेल. १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रोटीन, पण चरबी २० ग्रॅमच्या वर. कधीतरी २५-३० ग्रॅम ठीक. रोजचा आधार केलात तर वजन वाढेल, आणि नाजूक कुत्र्याला स्वादुपिंडाची सूज येऊ शकते.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचं पीठ वाईट नाही, पण पाकिटावरचा प्रोटीनचा आकडा फुगलेला असू शकतो. प्रोटीन नायट्रोजनवरून मोजतात आणि अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. नायट्रोजनला नेहमीच्या ६.२५ ऐवजी ४.७६ ने गुणलं तर खऱ्याच्या जवळ जाता. म्हणून कुत्र्यांसाठीचं 'संपूर्ण आहार' लिहिलेलं खाद्यच घ्या. सुटं पीठ भातात कालवू नका.

कोंबडीखाद्याच्या दुकानातलं फिशमील (सुक्या मासळीचं पीठ) तर नकोच. त्यात मीठ आणि वाळू निघते, खवट चरबी ई जीवनसत्त्व खाऊन टाकते. फरच्या जनावरांत चरबी पिवळी पडून सुजण्याचा आजार अशाच खवट मासळीने होतो.

बदल ८-१० दिवसांत करा: आधी पाव भाग नवं, शी घट्ट राहिली की अर्धं, मग पाऊण. वजन दर आठवड्याला. चिकन खाजेमुळे बंद करत असाल तर मात्र अंडंही बाजूला ठेवा, कारण ते कोंबडीचंच. तेव्हा आठ आठवडे प्राणिज प्रोटीन फक्त माशाचं (अंड्याऐवजी ३५ ग्रॅम मासा वाढवा), आणि घरातल्या कुणीही पोहे-सेव पुढे करायची नाही.