वाचकांचे प्रश्न : हवेला भिणारं लोखंड

प्रश्न : सर, नियासिन (जीवनसत्त्व बी-3) अजिबात न घालता ई. कोलाय हा जीवाणू वाढतो. मग आपल्याला ते जेवणातून का लागतं?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बाळ, नियासिन लागतं ते एनएडी बनवायला, आणि जीवाणू एनएडी स्वतःच घडवतो. एनएडी हा सहविकर, म्हणजे विकरांना (पेशीतल्या क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) मदत करणारा रेणू. त्याचा पाया म्हणजे क्विनोलिनिक आम्ल. आधी नॅडबी हा विकर अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लापासून इमिनोअ‍ॅस्पार्टेट करतो. मग नॅडए हा दुसरा विकर त्याला डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन फॉस्फेट या रेणूशी जोडून क्विनोलिनिक आम्लाचं वलय पूर्ण करतो. माझा जीव या नॅडएवर. त्याच्या गाभ्यात 4 लोह आणि 4 गंधक अणूंचा घन (ठोकळ्यासारखी रचना) असतो. 3 लोह अणूंना प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा आधार असतो, चौथा मोकळा. तोच रेणूला धरतो. बाकी लोह-गंधक विकर बहुतेक इलेक्ट्रॉनची ने-आण करतात, हा मात्र त्या लोहाने रसायन घडवतो!

पण ऑक्सिजन लागला की घन मोडतो. संशोधनाच्या दिवसांत एका रात्री माझ्या नॅडएच्या बाटलीचं बूच सैल राहिलं. सकाळी तपकिरी द्रावण फिकट झालेलं, आठ दिवसांची मेहनत गेली. मला रडू आलं होतं. पेशी असे घन सतत दुरुस्त करते. ऑक्सिजनचा दाब फार वाढवला की तीही हरते, मग ई. कोलायलाही नियासिन मदतीला घ्यावं लागतं.

आपल्यात नॅडए नाही. आपण ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडं क्विनोलिनिक आम्ल करतो, ते पुरत नाही. म्हणून ज्वारीच्या कडक भाकरीसोबत शेंगाचटणी भरपूर घे. शेंगदाण्यात नियासिन चांगलं असतं.