‘लक्षदीप’ नव्हे, लक्षद्वीप

प्रश्न : बेट आणि द्वीप यांत फरक काय? आणि ‘लक्षदीप’ असं लिहिलेलं चालतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही चालत. गेल्या महिन्यात एका सहल कंपनीचं पत्रक हाती आलं. निळंशार पाणी, नारळाची झाडं आणि वर ठळक अक्षरांत ‘लक्षदीप, चार रात्री पाच दिवस’. बातम्यांतही हेच कानावर पडतं. लक्षदीप म्हणजे देवळात लाख दिवे उजळतात तो सोहळा. अरबी समुद्रातल्या त्या बेटांचा दिव्यांशी काडीचाही संबंध नाही.

द्वीप म्हणजे द्वि अधिक अप्, आणि अप् म्हणजे पाणी. द्वि, अंतर् किंवा उपसर्ग यांच्यापुढे ‘अप्’ आला की त्यातल्या ‘अ’चा ‘ई’ होतो, असं पाणिनीचं सूत्रच आहे. अंतरीप आणि समीप हे त्याच साच्यातले. होय, रोजच्या ‘समीप’मध्येही पाणी आहे! आता शाळेत शिकवतात, चारही बाजूंनी पाणी ते बेट. मग शब्दात दोनच बाजू कशा? माझं मत पक्कं आहे : हा शब्द समुद्रावर घडलाच नाही, नदीत घडला. प्रवाह दुभंगतो, मधे वाळूचा उंचवटा राहतो, दोन्ही अंगांनी पाणी वाहतं, ते द्वीप. व्यासांना द्वैपायन म्हणतात ते यमुनेतल्या बेटावर जन्मले म्हणून. अमरकोशही ‘पाण्याच्या आतला तट’ एवढंच सांगतो, समुद्राचं नाव काढत नाही. इथल्या ‘द्वि’चा अर्थ ‘सगळीकडून’ असा घ्या, असं कुणी म्हणालं तर मला ते मुळीच पटत नाही.

पुढे प्राकृतात त्याचं ‘दीव’ झालं आणि ते दर्यावर्दी लोकांबरोबर दूरवर गेलं. सौराष्ट्राजवळचं दीव तेच, मालदीवमधलं दीवही तेच. ‘दीव’ हा फिरंग्यांनी केलेला अपभ्रंश, असं ठोकून देणाऱ्यांनी ग्रीक भूगोलकार टॉलेमी उघडून पाहावा. पोर्तुगीजांनी दीवचा किल्ला बांधायला घेतला १५३५ मध्ये. टॉलेमीने दुसऱ्या शतकातच ‘याबादिऊ’ नावाचं बेट नोंदवलंय आणि अर्थही दिलाय, जवाचं बेट. म्हणजे यवद्वीप! तेव्हा इंग्रजी नकाशांतल्या ‘लक्कदीव’मधलं दीवही आपलंच आहे. १९७३ मध्ये त्याचं अधिकृत नाव लक्षद्वीप झालं.

पण या शब्दावर माझा जीव आहे तो पालीमुळे. पालीत द्वीप आणि दीप, दोन्हींचं ‘दीप’च होतं. बुद्ध अखेरच्या दिवसांत भिक्खूंना सांगतात, ‘अत्तदीपा विहरथ’. आपल्याकडे हे ‘अत्त दीप भव’ या रूपात घरोघरी पोचलं, अर्थ लावला तो ‘स्वतःच दिवा व्हा’. अर्थ सुरेखच आहे, माणसं त्यावर उभी राहिली आहेत. तरी ‘दुसरा अर्थ संभवतच नाही’ म्हणणाऱ्या अभ्यासकांशी माझं भांडण आहे. बुद्धघोष या पाली भाष्यकाराने या ओळीवर लिहिताना महासमुद्रातल्या बेटाचाच दाखला दिला. संस्कृत पाठात शब्द ‘आत्मद्वीप’ आहे. आणि धम्मपदातली २५ वी गाथा पाहा : ‘दीपं कयिराथ मेधावी, यं ओघो नाभिकीरति’. शहाण्याने असा दीप करावा की ज्याला पूर बुडवू शकणार नाही. पुरात माणसाला पाय टेकायला जमीन लागते. ‘अत्तदीपा’च्या पाठोपाठ ‘अत्तसरणा’ येतं, म्हणजे स्वतःच स्वतःचा आसरा. आसरा बेटच देतं.

राहिला पहिला प्रश्न. अर्थ एकच. बोलताना बेट म्हणा, द्वीपसमूह, द्वीपकल्प अशा जोडशब्दांत द्वीप. मात्र कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट असतं, कळकाचं द्वीप कुणी म्हणत नाही.